तीन नाण्यांमधली फट

10 रुपयांची तीन नाणी एकमेकांना टेकवून टेबलावर ठेवा. मधोमध तीन टोकांची फट राहते. तिन्ही नाण्यांना टेकेल असं एकच वर्तुळ तिच्यात बसतं. केवढं? नाण्याचा व्यास 27 मिलिमीटर, तर त्या वर्तुळाचा जेमतेम 4.2. मिरीच्या दाण्याएवढं!

मोजपट्टी न लावता हे सांगणारं सूत्र फ्रेंच तत्त्वज्ञ रने देकार्त यांनी 1643 साली बोहेमियाच्या राजकन्या एलिझाबेथला पत्रातून कळवलं. हॉलंडमध्ये परागंदा राहणारी ही तरुणी नुसती ऐकून घेणारी नव्हती. देकार्त यांनी घातलेलं वर्तुळांचं अवघड कोडं तिने स्वतः सोडवायला घेतलं होतं. पत्रातलं सूत्र त्रिज्यांमध्ये आहे, म्हणून लांबलचक. त्रिज्येऐवजी वक्रता, म्हणजे 1 भागिले त्रिज्या, घेतली की ते एका ओळीत मावतं: चारही वक्रतांच्या बेरजेचा वर्ग म्हणजे त्यांच्या वर्गांच्या बेरजेची दुप्पट. बाकीच्यांना पोटात घेणाऱ्या वर्तुळाची वक्रता ऋण धरायची, एवढंच पथ्य. 1936 मध्ये नोबेल विजेते रसायनशास्त्रज्ञ फ्रेडरिक सॉडी यांना हेच पुन्हा गवसलं आणि त्यांनी ते ‘नेचर’मध्ये चक्क कवितेतून मांडलं.

मला भुरळ पडते ती याच्या पुढच्या गोष्टीची. 1 त्रिज्येचं वर्तुळ काढा, वक्रता −1. त्याच्या आत शेजारी शेजारी अर्ध्या त्रिज्येची दोन: 2 आणि 2. उरलेल्या फटीत बसणाऱ्याची वक्रता 3 येते. ताळा करून बघा: बेरीज 6, तिचा वर्ग 36, वर्ग 1, 4, 4, 9, त्यांची बेरीज 18, दुप्पट 36. आता −1, 2, 3 यांच्यामधल्या फटीत काय बसेल? तीन वक्रता ठाऊक असल्या की चौथीसाठी वर्गसमीकरण मिळतं, आणि दहावीत शिकलेली मुळांची बेरीज इथे कामी येते. ती तिन्हींच्या बेरजेच्या दुप्पट, म्हणजे 8. एक मूळ हाताशी आहेच, 2, कारण 2 वक्रतेचं दुसरं वर्तुळही या तिघांना टेकतं. मग दुसरं 6. वर्गमूळ काढावंच लागत नाही! नुसती बेरीज-वजाबाकी. म्हणूनच फटीमागून फट भरत कितीही खोल गेलात तरी वक्रतेत अपूर्णांक येत नाही: 6, 11, 14, 15, 18, 23…

मग नेमक्या कोणत्या संख्या येतात? 24 ने भागल्यावर काही ठरावीक बाक्याच उरतात, हे माहीत होतं. त्या बाक्यांच्या पुरेशा मोठ्या सगळ्या संख्या सापडणारच, असा गणितज्ञांचा अंदाज होता. 2023 मध्ये अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठातल्या चौघांनी, त्यांत विद्यार्थीही होते, अशा अनेक रचनांसाठी तो खोटा ठरवला. एखाद्या छोट्या संख्येला पूर्ण वर्गांनी गुणून मिळणारी अख्खी मालिकाच्या मालिका त्या रचनांमध्ये कधीच येत नाही.