गिअरबॉक्सची निवड (स्पोर्ट्स कार)

इंजिनाची ताकद चाकांपर्यंत नेताना वेग आणि जोर यांचा मेळ घालणारी पेटी म्हणजे गिअरबॉक्स. स्पोर्ट्स कार घेणाऱ्यापुढे तिचे तीन प्रकार असतात : हाताने गिअर टाकायचा मॅन्युअल, टॉर्क कन्व्हर्टरवर चालणारा ऑटोमॅटिक आणि दोन क्लचांचा ड्युअल क्लच. जगभर या निवडीची चर्चा शून्यावरून ताशी शंभर किलोमीटरचा वेग गाठायला लागणाऱ्या वेळेवर होते. विदर्भातल्या खेड्यापाड्यांत मात्र ती आठवडी बाजाराच्या गर्दीवर, नवतप्यातल्या, म्हणजे मे अखेरच्या सर्वांत तापट नऊ दिवसांतल्या, उन्हावर आणि मिस्त्री किती कोसांवर बसतो यावर ठरते.

खरी, जमिनीलगत बसणारी स्पोर्ट्स कार इकडे गावातल्या पहिल्याच गतिरोधकावर पोट घासते. त्यामुळे प्रत्यक्षात हा प्रश्न पडतो तो ह्युंदाई आय२० एन लाइन किंवा फोक्सवॅगन व्हर्टस जीटी यांसारख्या चपळ, पण घरच्या कामाच्या गाड्या घेताना. या दोन्ही गाड्या मॅन्युअल आणि ड्युअल क्लच अशा दोन्ही रूपांत विकल्या गेल्या आहेत.

शब्दाचा घोळ

‘डबल क्लच’ म्हटले की इथे तीन वेगळ्या गोष्टी समोर येतात. जुना ट्रकचालक ‘डबल क्लच मारणे’ म्हणतो ती पायाची कसरत : क्लच दाबून गिअर न्यूट्रलला आणायचा, क्लच सोडून थोडी रेस द्यायची, पुन्हा क्लच दाबून खालचा गिअर टाकायचा. फिरत्या दातांचा वेग जुळवून देणारी सिंक्रोमेशची सोय नसली आणि ही कसरत चुकली, की पेटी करकरते. सिंक्रोमेश कारमध्ये प्रथम कॅडिलॅकने १९२८ मध्ये आणले. जड वाहनांपर्यंत ते फार उशिरा पोचले, म्हणून ही कला आपल्याकडे बराच काळ टिकली.

शेतकऱ्याचा डबल क्लच ट्रॅक्टरचा. पेडल अर्धे दाबले की ट्रॅक्टर थांबतो, पण पीटीओ, म्हणजे मागची अवजारे फिरवणारा दांडा, फिरतच राहतो. पूर्ण दाबले की पीटीओही थांबतो. त्यामुळे मागचा रोटाव्हेटर फिरता ठेवून ट्रॅक्टरचा गिअर बदलता येतो. कारमधल्या ड्युअल क्लचचा या दोन्हींशी नावापलीकडे संबंध नाही. तालुक्याच्या गॅरेजात ‘डबल क्लचची गाडी आहे’ म्हटल्यावर ‘कोनता ट्रॅक्टर हाये, भाऊ?’ असा प्रश्न आला, तर त्यात मिस्त्रीची काही चूक नाही.

चौथी गफलत एएमटीची, म्हणजे ऑटोमेटेड मॅन्युअल ट्रान्समिशनची. २०१४ मध्ये मारुती सेलेरिओबरोबर ती भारतात आली. तिच्यात पेटीही साधी आणि क्लचही एकच. फक्त तो दाबायचे आणि गिअर टाकायचे काम यंत्र करते. क्लचचे पेडल नाही म्हणून तिला सर्रास ऑटोमॅटिक म्हणतात, पण गिअर बदलताना गाडी जो हेलकावा देते त्यावरून जाणकार ती लगेच ओळखतो.

तिन्ही पेट्यांची रीत

मॅन्युअलबद्दल फारसे सांगायला नको. इंजिन आणि पेटी यांच्यामध्ये एक क्लच प्लेट असते आणि ती कधी धरायची, कधी सोडायची हे चालकाचा डावा पाय ठरवतो.

टॉर्क कन्व्हर्टरमध्ये तेलाने भरलेल्या भांड्यात दोन पंखे समोरासमोर असतात. इंजिनाचा पंखा तेल फिरवतो आणि त्या तेलाच्या जोराने पेटीचा पंखा फिरतो. दोघांमध्ये घासणारी प्लेट नसल्याने गाडी मुंगीच्या पावलाने कितीही वेळ चालवली तरी झिजत काही नाही. तेल तापते, पण ते कूलरमधून थंड होऊन परत येते. वेग आला की लॉकअप क्लच दोन्ही बाजू घट्ट जोडतो, म्हणून ताकद वाया जात नाही. हा लॉकअप नसलेल्या किंवा क्वचितच लागणाऱ्या जुन्या पेट्यांमुळे ऑटोमॅटिक गाडी म्हणजे सुस्त आणि पेट्रोल पिणारी, ही समजूत रुजली. ती आता शिळी झाली आहे. जर्मनीच्या झेडएफ कंपनीची आठ गिअरांची पेटी २००९ मध्ये आली आणि तिने बरेच चित्र पालटले. बीएमडब्ल्यूच्या एम५ मध्ये आधी ड्युअल क्लच होता; २०१७ मध्ये नवी पिढी आणताना कंपनी टॉर्क कन्व्हर्टरकडे वळली. सहाशे अश्वशक्तीची गाडी बनवणारे मागे फिरतात, तेव्हा त्यामागे काहीतरी हिशेब असणारच.

ड्युअल क्लचमध्ये गिअर दोन शाफ्टांवर वाटलेले असतात : पहिला, तिसरा, पाचवा एका क्लचकडे, दुसरा, चौथा, सहावा दुसऱ्याकडे. गाडी तिसऱ्यात पळत असते तेव्हा चौथा आधीच लावून ठेवलेला असतो. वेळ आली की एक क्लच सुटतो, त्याच क्षणी दुसरा धरतो आणि चाकांकडचा जोर जवळजवळ तुटतच नाही. ही कल्पना १९३०च्या दशकाच्या अखेरीस फ्रेंच अभियंता अडॉल्फ केग्रेस याने मांडली. पण दोन क्लचांची ही देवघेव बिनचूक सांभाळणारे इलेक्ट्रॉनिक्स यायला पुढची चार दशके गेली. पोर्शने १९८०च्या दशकात ९५६ आणि ९६२ या शर्यतीच्या गाड्यांत ती वापरली. सामान्य ग्राहकाला ती २००३ मध्ये फोक्सवॅगन गोल्फ आर३२ मधून मिळाली. पुढे निसान जीटी-आर, फेरारी ४५८ आणि आठव्या पिढीची शेव्हरोले कॉर्व्हेट यांनी मॅन्युअलचा पर्यायच ठेवला नाही.

वेगाचा फरक किती, हे एकाच गाडीत पाहावे. २०१७ची पोर्श ९११ जीटी३ शून्यावरून शंभरला ड्युअल क्लचने ३.४ सेकंदांत जाते, मॅन्युअलने ३.९ सेकंदांत. शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, जोडीचा निकाल सेकंदाच्या अंशावर लागताना ज्यांनी पाहिला आहे, त्यांना अर्ध्या सेकंदाचे मोल समजावून सांगायला नको. गंमत म्हणजे याच गाडीच्या २०१३च्या अवतारात मॅन्युअल मिळतच नव्हता. चाहते कुरकुरले आणि चार वर्षांनी तो परत आला. हळू असूनही लोकांनी तो मागून घेतला, कारण गिअर आपल्या हाताने बरोबर पडल्याचा आनंद कोणत्याही घड्याळात मोजला जात नाही.

बाजार आणि ऊन

समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे. त्याचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला. या रस्त्यावर एकदा सर्वांत वरचा गिअर पडला की ताशी १२० किलोमीटरच्या मर्यादेत गाडी तासन् तास त्याच गिअरमध्ये राहते. तिथे तिन्ही पेट्या सारख्याच; उलट मॅन्युअलवाल्याचा डावा पाय रिकामा बसतो. खरी परीक्षा महामार्ग सोडून गावात शिरल्यावर सुरू होते.

मे महिन्याचा शेवट, नवतपा, पारा ४५ अंशांच्या घरात. रस्त्यातच बाजार भरला आहे, पुढे बंडी, बंडीमागे म्हशी, आणि कार माणसाच्या चालीने सरकते आहे. अशा वेळी ड्युअल क्लचची पेटी पहिला गिअर ना पूर्ण धरते ना पूर्ण सोडते. म्हणजे मॅन्युअलमध्ये आपण ज्याला हाफ क्लच म्हणतो तेच ती न थकता करत राहते आणि चालकाच्या ते ध्यानातही येत नाही. क्लच तेलात बुडालेला म्हणजे ओला असेल तर तेल उष्णता वाहून नेते. कोरडा असेल तर ती त्याच्या धातूतच साठते. व्हर्टस जीटीची सात गिअरांची पेटी कोरड्या जातीची आहे आणि तिची सहनशक्ती २५० न्यूटन मीटर. इंजिनाचा कमाल टॉर्क, म्हणजे फिरवायचा जोरही तेवढाच. मोकळ्या रस्त्यावर याचा काही त्रास नाही. बाजारात मात्र पडद्यावर गिअरबॉक्स तापल्याची सूचना येऊ शकते. मग सावली पाहून, गाडी पार्कमध्ये टाकून थांबण्याला पर्याय नसतो. पुढच्या वाहनाशी चार-पाच गाड्यांचे अंतर पडू द्यावे, मग एकदम सुटून पुन्हा पूर्ण थांबावे. क्लच वाचवायचा हा साधा उपाय आहे. अडचण एवढीच, की ते अंतर पाहून मधे ऑटो घुसतो.

हाफ क्लचवर मॅन्युअलची प्लेटही जळते. फरक असा की तिचा करपट वास आधी नाकात जातो आणि पाय आपोआप वर येतो. जळलीच, तर प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग असा संच तालुक्याचा मिस्त्री एका दिवसात बसवून देतो. ड्युअल क्लचचा संच बसवायला खास हत्यारे लागतात आणि नंतर संगणक जोडून क्लचांचा मेळ पुन्हा बसवावा लागतो. मेळघाटातल्या किंवा गडचिरोलीतल्या माणसाला त्यासाठी मोठे शहर गाठावे लागते. स्वस्त मिळाली म्हणून जुनी ड्युअल क्लच गाडी घेणाऱ्याने हा खर्च आधी धरावा. असल्या गाड्यांच्या किमती उगाच पडलेल्या नसतात.

परतवाड्याहून चिखलदऱ्याला चढताना ड्युअल क्लच सर्वांत सुखाचा. वळणाआधी ब्रेक दाबला की तो खालचा गिअर आपणहून लावून ठेवतो. उतरताना मात्र अनेकजण ऑटोमॅटिक आणि ड्युअल क्लच दोन्ही ‘डी’ म्हणजे ड्राइव्हमध्येच सोडून फक्त ब्रेकवर उतरतात, आणि खाली पोचेपर्यंत ब्रेक गरम होतात. दोन्हींत हाताने खालचा गिअर धरून ठेवायची सोय असते. ती अशाच उतारांसाठी दिलेली आहे.

पावसाळ्यात पांदण

पांदणीच्या, म्हणजे शेतवाटेच्या, काळ्या कन्हार मातीत चाक एकदा बसले की मॅन्युअलवाला पहिला आणि रिव्हर्स आलटून पालटून टाकत, झोका देत गाडी बाहेर काढतो. ड्युअल क्लचवर हा प्रयोग दोन-तीनदाच करावा. जास्त केल्यास क्लच तापून पेटी स्वतःच ताकद तोडते. मग ट्रॅक्टर बोलवायचा. मॅन्युअल गाडी न्यूट्रलला टाकली, दोर बांधला, की काम झाले. बॅटरी उतरली असेल तर तीच गाडी धक्क्यावर सुरूही होते.

ऑटोमॅटिक आणि ड्युअल क्लच धक्क्याने सुरू होत नाहीत. त्या लांबवर ओढायच्याही नसतात, कारण इंजिन बंद असताना पेटीतला तेलाचा पंप फिरत नाही आणि आतले भाग कोरडे घासतात. अशा वेळी पुढची, म्हणजे ताकद घेणारी चाके उचलून किंवा सबंध गाडी ट्रकवर चढवून न्यावी लागते. चिखलातून पक्क्या रस्त्यापर्यंतची दहा-वीस हातांची ओढ चालते, पण तीही न्यूट्रलमध्ये. बॅटरी पूर्ण उतरली असेल तर बऱ्याच गाड्यांचा गिअरचा दांडा पार्कमधून हलतच नाही. तो हाताने सोडवायची खिट्टी काही गाड्यांत दांड्याशेजारच्या छोट्या झाकणाखाली असते, आणि ती कुठे आहे हे ट्रॅक्टरवाला दोर ताणण्याआधी आपण पाहून ठेवावे.