स्टेरॉइड, युरिया आणि क्रिएटिनिन : गोंधळ कुठून सुरू होतो

जत-तासगावकडून मिरजेला तपासायला येणाऱ्या सांधेदुखीच्या पेशंटच्या फाइलमध्ये कधीकधी असा रिपोर्ट असतो : ब्लड युरिया ६२, क्रिएटिनिन ०.९. दोन्ही किडनी रक्तातून गाळून टाकते असे टाकाऊ पदार्थ; इथे युरिया वाढलेला, क्रिएटिनिन नॉर्मल. घरचे किडनीच्या डॉक्टरची चौकशी करू लागतात. त्याआधी विचारायला हवं, प्रेडनिसोलोन (स्टेरॉइडची गोळी) चालू आहे का? किंवा गुडघेदुखीची बिनलेबलची पुडी? अशा पुड्यांतही स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं.

१९४८ साली अमेरिकेत मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी संधिवाताच्या रुग्णाला पहिल्यांदा कॉर्टिसोन हे स्टेरॉइड दिलं; १९५० मध्ये त्यांना आणखी दोघांसह नोबेल मिळालं. औषध जादूसारखं चाललं, पण ते स्नायूंतलं प्रथिन मोडतं. मोडलेल्या प्रथिनातला नायट्रोजन यकृतात जाऊन युरिया बनतो. किडनी ठणठणीत असली तरी आकडा चढतो तो यामुळे. युरियाला २.१४ ने भागलं की बीयूएन (युरियातला नायट्रोजन) मिळतो : इथे २९. भागिले क्रिएटिनिन, म्हणजे ३२. हे गुणोत्तर २० च्या वर गेलं की स्टेरॉइडइतकाच संशय शरीरातलं पाणी कमी झाल्याचा आणि पोटातल्या रक्तस्रावाचा घ्यावा. सोबत डायक्लोफेनॅक ही दुखण्यावरची गोळी चालू असेल आणि शौचाला काळं होत असेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

क्रिएटिनिन उलट्या बाजूने फसवतं. ते स्नायूंतूनच येतं. महिनोन्‌महिने स्टेरॉइड घेऊन दंड-मांड्या वाळल्या की किडनी बिघडूनही आकडा ‘नॉर्मल’ राहतो. हा दोष टाळायला १९८५ च्या सुमारास सिस्टॅटिन सी हे रक्तातलं प्रथिन मोजणं पुढे आलं, कारण ते स्नायूंवर फारसं अवलंबून नाही. पण स्टेरॉइडचा डोस वाढेल तसं पेशी तेही जास्त बनवतात. मग त्यावरून काढलेला ईजीएफआर (किडनी किती गाळते याचा अंदाज) खऱ्यापेक्षा कमी दिसतो. एकूण, तिन्ही साक्षीदार फितूर.

साताऱ्या-कराडच्या जिममधलं ‘स्टेरॉइड’ मात्र वेगळं, टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हार्मोनच्या कुळातलं. तिथे स्नायू वाढतात, वर क्रिएटिनची पावडर असते (तिचंच शरीरात क्रिएटिनिन बनतं), म्हणून १.४ क्रिएटिनिन कधी नुसतं अंगावरच्या मांसाचंही असतं. त्यावर निर्धास्त राहू नये : २०१० मध्ये अशी औषधं घेणाऱ्या दहा बॉडीबिल्डरांपैकी नऊ जणांच्या किडनीच्या गाळण्यांवर व्रण सापडल्याची नोंद आहे. लघवीतलं अल्ब्युमिन (एक प्रथिन) आणि क्रिएटिनिन यांचं गुणोत्तर तपासावं. ३० च्या वर असेल तर पुन्हा करावं. सिस्टॅटिन इथे कामाला येतं.

रिपोर्ट पाहून प्रेडनिसोलोन परस्पर बंद करू नये. तीन आठवड्यांहून जास्त घेतल्यावर शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड बनवणाऱ्या अधिवृक्क ग्रंथी सुस्तावलेल्या असू शकतात. गोळी एकदम तोडली की बीपी कोसळू शकतं. डोस डॉक्टरच उतरवतात, टप्प्याटप्प्याने.