गाउटची गोळी जेवून की उपाशीपोटी? अ‍ॅलोप्युरिनॉल आणि फेबुक्सोस्टॅट

‘जेवणाने गाउटच्या गोळीचा गुण जातो, ती रिकाम्या पोटीच घ्या.’ हा सल्ला इतक्या जणांनी इतक्या खात्रीने दिलेला वाचलाय की आता राहवत नाही. तो चुकीचा आहे.

गाउट म्हणजे रक्तातलं युरिक अ‍ॅसिड वाढून सांध्यांत साठल्याने होणारी सांधेदुखी. ते अ‍ॅसिड कमी करणाऱ्या गोळ्यांपैकी अ‍ॅलोप्युरिनॉल बहुतेकांच्या ओळखीची. ती जेवणानंतर घ्यायची, वर भरपूर पाणी प्यायचं. कारण एवढंच, की पोटाला त्रास होऊ नये. जेवणाने ती जास्त किंवा कमी लागू पडते असं नाही.

घोळ होतो तो फेबुक्सोस्टॅटचा. भरपूर स्निग्ध जेवणासोबत ८० मिलिग्रॅमची गोळी रोज दिली, तेव्हा औषधाची रक्तातली सर्वोच्च पातळी ४९ टक्क्यांनी खाली आली. लोक हा आकडा वाचतात आणि तिथेच थांबतात. पण त्याच तपासणीत रक्तात पोचलेलं एकूण औषध कमी झालं ते फक्त १८ टक्क्यांनी. आणि ज्यासाठी गोळी घ्यायची ते युरिक अ‍ॅसिड? जेवून घेतल्यावर ते ५८ टक्के उतरलं, उपाशीपोटी ५१ टक्के. म्हणून जेवणासोबतच घ्या, असा उलटा अर्थही काढू नका. उपचाराच्या दृष्टीने हा फरक नगण्य आहे.

रक्तातलं औषध आणि रक्तातलं युरिक अ‍ॅसिड या दोन वेगळ्या पातळ्या आहेत, हे इथे नीट लक्षात घ्या. दोन्ही गोळ्या युरिक अ‍ॅसिड बनवणाऱ्या झँथिन ऑक्सिडेज या एन्झाइमला अडवतात. एन्झाइम दिवसभर अडलेलं राहिलं की काम झालं. औषधाचं शिखर तासभर किती उंच गेलं याने फारसं बिघडत नाही. मॅग्नेशियम-अ‍ॅल्युमिनियमचं अँटासिड फेबुक्सोस्टॅटला साधारण तासभर उशीर लावतं, त्याचीही धास्ती नको.

मला सगळ्यात जास्त खटकतं ते ‘आज उपास, म्हणून गोळी नाही’. उपाशी राहिल्यावर शरीरात कीटोन (चरबी जळताना बनणारे पदार्थ) वाढतात, त्यामुळे मूत्रपिंडं युरिक अ‍ॅसिड कमी बाहेर टाकतात. पाणीही कमी प्यायलात तर आणखी भर. म्हणजे उपासाचा फटका बसतो युरिक अ‍ॅसिडला, आणि नेमक्या त्याच दिवशी तुम्ही गोळी गाळता! फेबुक्सोस्टॅट उपाशीपोटी बिनदिक्कत चालते. अ‍ॅलोप्युरिनॉलने पोट बिघडत असेल, तर दिवसातून जेव्हा खाल त्यानंतर घ्या.

आहाराचा एक परिणाम मात्र खुद्द औषधावर होतो, आणि तो अ‍ॅलोप्युरिनॉलच्या बाबतीत. तिचं शरीरात ऑक्सिप्युरिनॉल बनतं, ते लघवीवाटे बाहेर पडतं. प्रथिनं फार कमी केली की हे बाहेर पडणं मंदावतं आणि ऑक्सिप्युरिनॉल साठत जातं. मूत्रपिंडाचा आजार असून असा आहार सुरू करणार असाल, तर आधी डॉक्टरांना सांगून डोस तपासून घ्या.