गोफ, माग आणि ‘त्रिमितीय’ या शब्दाचा गुंता

कॉम्पोझिटची, म्हणजे मजबूत तंतू आणि त्यांना धरून ठेवणारे रेझिन (कडक होणारी राळ) मिळून होणाऱ्या पदार्थाची, सुरुवात कापडानेच झाली. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत सुती कापड फिनॉलिक रेझिनमध्ये भिजवून, थरावर थर दाबून जाड फळ्या बनवत आणि त्यांतून आवाज न करणारी दातेरी चाके कापून काढत. १९४० च्या दशकात काचतंतूंचे कापड आणि पॉलिएस्टर रेझिन आले. रडारची कवचे आणि होड्यांची अंगे त्यातून घडू लागली. गोफ घालणारे यंत्र याहून कितीतरी जुने. त्याचे पेटंट १७४८ मध्येच मँचेस्टरला दिले गेले होते. पण पुढची दोन शतके ते नाड्या, दोर आणि तारांची आवरणे करण्यातच गुंतून राहिले.

मग कार्बन फायबर आले आणि कापड मागे सरले. कारण साधे आहे. मागावरच्या कापडात प्रत्येक धागा दुसऱ्याच्या वरून-खालून जातो, म्हणजे तो वळतो. वळलेला धागा ओढला की आधी सरळ व्हायला बघतो आणि मगच ताण घेतो. इतका महाग आणि इतका ताठ तंतू घेऊन तो वाकवून ठेवायचा कशाला, असा विमान-अभियंत्यांचा सवाल होता. त्यांनी निवड केली ती प्रीप्रेग टेपची: सगळे तंतू एकाच दिशेत, रेझिन आधीच भिनवलेले, आणि हवा तो कोन साधायला ०, ४५, ९० अंशांत एकावर एक रचलेले थर. प्रतलातल्या, म्हणजे थरांच्या सपाटीतल्या, ताठपणाच्या हिशेबात ही निवड बिनचूक होती. चूक झाली ती फक्त तेवढाच हिशेब मांडण्यात.

टेपचा एक थर साधारण ०.१२५ मिलिमीटर जाड असतो. चार मिलिमीटरच्या पत्र्यात असे ३२ थर येतात आणि त्यांच्यामध्ये ३१ सांधे, ज्यांत रेझिनशिवाय काहीच नसते. तंतूची ताणशक्ती साडेतीन हजार मेगापास्कलच्या आसपास, रेझिनची शंभराच्याही आत. हातातले अवजार निसटून अशा पत्र्यावर पडले तर बाहेर जेमतेम खळगा दिसतो. आत मात्र थर सुटलेले असतात आणि दाब सोसण्याची ताकद निम्म्यावर येऊ शकते. १९७० मध्ये एका जेट इंजिनची कार्बन फायबरची पंख्याची पाती पक्षी आदळण्याच्या चाचणीत टिकली नाहीत आणि त्यांची जागा टायटॅनियमने घेतली. त्या कंपनीचे १९७१ मध्ये दिवाळे निघाले. त्याला इतरही कारणे होती, पण पात्यांची आठवण उद्योगाच्या मनातून बरीच वर्षे गेली नाही.

जाडीच्या दिशेने धागा हवा, हे अवकाशक्षेत्राला आधी उमगले होते. रॉकेटच्या नॉझलचा गळा आणि वातावरणात परतणाऱ्या यानाचे नाक थरांचे केले तर तापून थर उकलतात. म्हणून १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून कार्बन-कार्बन पदार्थांसाठी (ज्यांत तंतूही कार्बनचे आणि त्यांना धरणारा पदार्थही कार्बनचाच) तिन्ही दिशांत धागे असलेले ठोकळे बनू लागले आणि त्यातच गोफाला पहिल्यांदा जाडी मिळाली. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला चार पावलांची पद्धत पेटंटसह पुढे आली. बॉबिन (धाग्यांची रिळे) एका चौकटीत ओळी आणि रकान्यांत मांडायच्या. एका पावलात ओळी आलटून-पालटून उजवी-डावीकडे सरकवायच्या, दुसऱ्यात रकाने वर-खाली, मग तेच दोन्ही उलट दिशेने. चौथ्या पावलाला चौकटीची मांडणी पहिल्यासारखी होते, पण प्रत्येक धागा मात्र आपली जागा सोडून पुढे गेलेला असतो. असे शेकडो फेरे झाले की प्रत्येक धागा ठोकळ्याच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत तिरपा फिरून येतो. थर नावाची गोष्टच उरत नाही, मग सुटणार काय? माझ्या मते या साऱ्या इतिहासातली सर्वांत सुंदर कल्पना हीच.

आणि इथूनच ‘त्रिमितीय’ या शब्दाचा गुंता सुरू झाला.

नळीच्या आकाराच्या मॅन्ड्रेलवर (आकार देणाऱ्या गाभ्यावर) साधा गोफ चढवला तर वस्तू त्रिमितीय दिसते. असे दहा गोफ एकावर एक चढवले तरी जाडीतून जाणारा धागा एकही नसतो, तरीही माहितीपत्रकांत त्याला त्रिमितीय गोफ म्हटले गेले. इथे शब्द आकाराला लागला होता. चार पावलांच्या गोफात तो रचनेला लागतो. मागाच्या बाजूला गोंधळ आणखी मोठा. ताण्याचे (मागावर लांबीत ताणलेल्या धाग्यांचे) अनेक थर घेऊन, काही धागे वरपासून खालपर्यंत बांधायला सोडून जे जाड कापड होते, त्याला सर्रास त्रिमितीय वीण म्हणत. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्याला शास्त्रीय आक्षेप आला: हे कापड नेहमीच्याच मागावर होते, ताण्याचे धागे वर-खाली होऊन पडणारी फट एकाच दिशेने पडते, तिच्यातला बाणा (आडवा धागा) हाही एकाच दिशेने जातो, मग वीण त्रिमितीय कशी? खरी त्रिमितीय वीण तीच, जिच्यात ताण्याच्या जाळीत ओळींतही फट पडते आणि रकान्यांतही, आणि बाणा दोन्हीकडून जातो. ज्यात तीन दिशांचे धागे एकमेकांत गुंततच नाहीत, नुसते काटकोनात रचून बांधलेले असतात, ती तर वीणच नव्हे. तिच्यासाठी ‘नूबिंग’ असे नवे नाव सुचवले गेले.

त्यात ‘अडीच मिती’ची भर पडली. कोणी तिरप्या बांधणीच्या थरांच्या कापडाला अडीच मिती म्हणते, कोणी सुईने टोचून जोडलेल्या थरांना. मराठीत तर मागावर विणतात तेही विणणे आणि दोन सुयांवर करतात तेही विणणे, त्यामुळे इथे लिहिणाऱ्याने प्रत्येक वेळी ‘कशावर’ हे सांगितलेले बरे.

यंत्राच्या हालचालीवरून नाव ठरवावे की तयार वस्तूतल्या धाग्याच्या वाटेवरून, हा वादाचा गाभा. वस्त्रतंत्राच्या अभ्यासकाला पहिले पटेल, आणि त्यात तथ्यही आहे. पण ज्याला भार मोजायचा आहे त्याच्या दृष्टीने दुसरेच खरे. थरांच्या बांधलेल्या कापडात जाडीतून जाणारे धागे एकूण तंतूंच्या दोन-चार टक्के असतील तर थर धरून ठेवायला ते पुरतात. चार पावलांच्या गोफात मात्र जवळजवळ सगळेच धागे तिरपे, म्हणून प्रतलातला ताठपणा बराच जातो. दोन्हींना एकच नाव दिले, आकडे शेजारी ठेवले आणि मग ‘त्रिमितीय रचना ताठपणात कमी पडते’ असा निष्कर्ष काढला गेला. गोफावर हा अन्याय होता. त्याच्या चार तिरप्या दिशांच्या जोडीला लांबीत सरळ धागे घालून पाचवी दिशा देता येते, आणि तसे केले की तो ताठपणा बराचसा परत येतो.

चाचणीच्या तुकड्यानेही घोळ घातला. मोठ्या ठोकळ्यातून कापून काढलेल्या गोफाची ताकद आपल्याच मापात गुंफलेल्या गोफापेक्षा बरीच कमी भरते, कारण कडेला वळून परतणारे धागेच तुटलेले असतात. शिवाय आतली, पृष्ठावरची आणि कोपऱ्यातली गुंफण वेगवेगळी असते. फक्त आतली धरून केलेले गणित बारीक तुकड्यात चुकते. विकृती (भाराखाली होणारा आकारातला बदल) मोजणारी पट्टी गुंफणीच्या एका आवर्तनापेक्षा लहान असेल तर एकाच नमुन्यावर जागोजागी वेगळे आकडे मिळतात. कापडी कॉम्पोझिटच्या चाचण्यांसाठी स्वतंत्र मार्गदर्शक मानक निघाले ते २००३ मध्ये.

मधल्या काळात शिवणीचा मार्गही आजमावून झाला. सुक्या कापडाचे थर शिवायचे आणि मग रेझिन भरायचे. असा सुमारे ४२ फूट लांबीचा पूर्ण मापाचा विमानपंख २००० मध्ये चाचणीत अंतिम रचना-भाराच्या, म्हणजे जो सोसणे अपेक्षित होते त्या कमाल भाराच्या, ९७ टक्क्यांवर तुटला. काठाशी आलेले ते यश, पण त्यातून प्रवासी विमान निघाले नाही.

गोफाला मोठी जागा मिळाली ती इंजिनात. तुटलेले पाते बाहेर जाऊ न देणारे पंख्याभोवतीचे कडे, एक सरळ आणि दोन ६० अंशांच्या तिरप्या दिशांच्या गोफाचे, २०१० च्या दशकाच्या सुरुवातीला प्रवासी उड्डाणांत आले. एका जागी चीर पडली तरी ती धाग्यांच्या गुंफणीत अडते. पाती मात्र मागाकडे गेली. २०१६ मध्ये सेवेत आलेल्या एका इंजिनाची १८ पाती जाडीतून बांधलेल्या कार्बनच्या विणीची आहेत; पात्याचा सुका आकार विणायचा, साच्याच्या पेटीत ठेवायचा आणि रेझिन दाबाने भरायचे. बुंध्याशी जाड आणि टोकाला पातळ असा आकार जॅकार्ड मागावर (ज्यात ताण्याचा प्रत्येक धागा वेगळा उचलता येतो) धागे गाळत साधता येतो. चार पावलांच्या गोफाला तो छेद (आडवा कापला असता दिसणारा आकार) हवा तर हजारो बॉबिन एकाच वेळी हलत्या ठेवाव्या लागतात, आणि छेद वाढला की यंत्राची चौकटही वाढते. म्हणून तो आजही सळ्या, टी किंवा आय आकाराचे लहान छेद आणि नॉझलसारख्या जाड भागांपुरता राहिला आहे.