सारिकाची कबुली : ‘एक हसीना थी’मागची गोष्ट

लातूर-परभणीकडे ‘एक हसीना थी’चा विषय निघाला की बोलणं थेट शेवटच्या गुहेत आणि त्यातल्या उंदरांपाशी जाऊन पोचतं. बाईने सूड कसा घेतला, बस्स. सूडपट म्हणून त्याची बोळवण झाली ती झालीच. १६ जानेवारी २००४ रोजी आलेला हा सिनेमा दिग्दर्शकाचा पहिलाच. थोड्याफार समीक्षकांनी वाखाणला, तिकीटखिडकीवर बेताचाच चालला, आणि पुढे त्याच दिग्दर्शकाचे सिनेमे गाजले तेव्हा लोक मागे वळून याच्याकडे आले. पण वळून आलेल्यांनीही पाहिला तो उत्तरार्धच. सारिका वर्तक या पात्राची खरी घडण पूर्वार्धात आहे, आणि तीही एका निर्णयात: ती न केलेला गुन्हा कबूल करते.

दिग्दर्शकाबद्दल आधी थोडं. पुण्याच्या फिल्म संस्थेतून तो ऐंशीच्या दशकात बाहेर पडला. साठच्या दशकात मुंबईच्या फुटपाथवर झोपलेल्या माणसांना मारणाऱ्या खुन्यावर त्याने १९९१ साली एक माहितीपटवजा चित्रपट केला. तो थिएटरांत लागला नाही, पण व्हिडिओ कॅसेटवरून हातोहात फिरत राहिला. तो पाहूनच निर्मात्याने त्याला बोलावलं, असं सांगतात. निर्माता तेव्हा गुन्हेपटांचा कारखाना चालवत होता. १९९८ आणि २००२ साली त्याच्याकडून आलेल्या टोळीपटांनी हिंदीतला गुंड बदलून टाकला होता. या पटांतल्या पुरुषांना भूतकाळ होता, भीती होती, विनोद होता. बायका मात्र बहुधा घरी वाट पाहत बसलेल्या. ऐंशीच्या दशकातल्या सूडनायिका तर त्याहून सपाट: अत्याचार होतो, मध्यंतर होतं, हातात शस्त्र येतं. त्यावर जास्त शाई खर्च करण्यात अर्थ नाही.

सारिका या दोन्ही साच्यांत बसत नाही. ट्रॅव्हल एजन्सीत नोकरी, मुंबईत एकटीचा फ्लॅट, घरात उंदीर निघाला तर जीव खालीवर. मराठी मध्यमवर्गातली, जपून राहणारी. करणसिंह राठोड हा देखणा व्यावसायिक तिच्या आयुष्यात येतो तेव्हा ती लगेच विरघळत नाही, अंतर राखते. त्याची भूमिका ज्या नटाने केली तो तोवर पडद्यावरचा गोड, हसरा मित्र होता. आदल्याच नोव्हेंबरात आलेल्या एका गाजलेल्या प्रेमपटात प्रेक्षकांनी त्याला तसंच पाहिलं होतं. त्यामुळे सारिकेबरोबर प्रेक्षकही फसतो. ही निवड फार हुशारीची होती. मग करणच्या माणसाने तिच्या घरी ठेवलेली सूटकेस येते, सूटकेसमधली शस्त्रं येतात, पोलिस येतात.

इथून पुढे ज्या प्रसंगावर आमच्याकडचे वकील हसतात तो प्रसंग. करणने दिलेला वकील तिला समजावतो की गुन्हा कबूल कर, त्यातच तुझं भलं आहे. ती ऐकते आणि सात वर्षांची शिक्षा घेऊन बसते. आक्षेप दोन. पहिला असा की शिकलेली, नोकरी करणारी मुलगी इतकी भोळी कशी? दुसरा कायद्याचा: गुन्हा कबूल करायचा आणि बदल्यात कमी शिक्षा घ्यायची, असा सौदा आपल्याकडे होताच कुठे?

दुसरा आक्षेप आधी घेऊ, कारण तो कागदावर बरोबर आणि प्रत्यक्षात चूक आहे. पोलिसापुढे दिलेला कबुलीजबाब पुराव्यात चालत नाही, हे १८७२ च्या पुरावा कायद्यापासून ठरलेलं. संघटित गुन्हेगारीविरुद्धच्या महाराष्ट्राच्या १९९९ च्या कायद्याने त्याला अपवाद केला आणि पोलिस अधीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याने नोंदवलेली कबुली ग्राह्य ठरवली. मुंबईतल्या शस्त्रं आणि टोळीच्या प्रकरणात ही तलवार डोक्यावर लटकत असणारच. पण सारिकेची कबुली कोर्टातली आहे, आणि कोर्टात दोषारोप वाचून दाखवल्यावर ‘गुन्हा कबूल’ म्हणायची सोय फौजदारी प्रक्रिया संहितेत पहिल्यापासून होती. त्या कबुलीवर शिक्षा द्यायची की साक्षीपुरावा घ्यायचा हे न्यायाधीशाच्या मर्जीवर. कमी शिक्षेचं आश्वासन मात्र कुणीच देऊ शकत नव्हतं. महाराष्ट्रातल्याच एका तेलभेसळीच्या खटल्यात १९७६ साली सर्वोच्च न्यायालयाने अशा सौद्यांवर कडक ताशेरे ओढले. १९८० साली गुजरातच्या एका खटल्यात तर सौदा करून घेतलेली कबुली घटनाबाह्यच ठरवली.

तरी सौदे चालूच होते. विधी आयोगाने १९९१ आणि १९९६ मध्ये त्यांना कायदेशीर चौकट द्यायची शिफारस केली. केंद्राने नेमलेल्या समितीने २००३ साली तेच सुचवलं. संसदेने २००५ मध्ये दुरुस्ती केली, ती ५ जुलै २००६ पासून लागू झाली. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यांपुरती, तीही बायकांवरचे आणि १४ वर्षांखालच्या मुलांवरचे गुन्हे वगळून. म्हणजे सिनेमा आला तेव्हा हा सौदा कायद्यात नव्हता, पण कोर्टाच्या व्हरांड्यात होता. आणि त्यात कायद्याचा पहारा नव्हता म्हणूनच सारिकेचं काय झालं ते होऊ शकलं. पुढे आलेल्या तरतुदीत न्यायाधीशाने आरोपीला एकटं बसवून, बंद खोलीत, तू हे स्वखुशीने करतेस का असं विचारायचं असतं. सारिकेला तसं विचारलं असतं तर ती काय म्हणाली असती? माझ्या मते ‘हो’च. आणि इथेच पहिला आक्षेप गळून पडतो.

ती भोळी नाही. तिचा वकिलावर विश्वास नाही, करणवर आहे. वकील हा तिला करणचा हात वाटतो. पोलिसांचे प्रश्न, कोठडी, बाहेरची बदनामी या सगळ्यात तिच्या बाजूने उभा आहे असं वाटणारा एकच माणूस, आणि तो सांगतो म्हणून ती मान डोलावते. मराठवाड्यातल्या कुठल्याही तालुका कोर्टाच्या ओट्यावर दशम्या सोडून बसलेल्या म्हातारीला ही गोष्ट सांगा, तिचा पहिला प्रश्न असेल, ‘वकील कुनी देल्ता तिला?’ दिराने दिला, की माहेरच्यांनी, की ज्याच्यामुळे केस झाली त्यानेच? बाईचा खटला ज्याच्या खिशातून चालतो, त्याच्याच सोयीने तो चालतो, हे इकडे कुणाला शिकवावं लागत नाही. वकीलपत्राचा छापील कागद, त्यावर कोर्ट फीचं तिकीट, खाली सही किंवा अंगठा. वरच्या मोकळ्या जागा नंतर भरल्या जातात आणि कागद बहुतेकदा कुणी वाचून दाखवत नाही. ‘कबूल देऊन टाक, भोगलेली शिक्षा धरतेत, सुटतीस’ हा सल्ला हातभट्टीच्या केसपासून मारामारीपर्यंत सर्रास मिळतो. तो प्रत्येक वेळी वाईटच असतो असंही नाही. कच्च्या कैदेत महिनोन् महिने काढण्यापेक्षा कित्येकांना तो परवडतो, आणि कारागृहात भरणाऱ्या अदालती याच हिशेबावर चालतात. गोम इतकीच की हिशेब मांडणारा कुणाचा माणूस आहे.

याची कागदोपत्री नोंदही आहे. मुंबईच्या कारागृहातल्या बायकांशी बोलून एका पत्रकार महिलेने सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं. ती १५ जणींशी बोलली, त्यांपैकी पाच जणींनी पोलिस कोठडीत मारहाण झाल्याचं सांगितलं होतं. १९८३ च्या निकालात न्यायालयाने बायकांसाठी वेगळ्या कोठड्या आणि महिला पोलिसांचा पहारा यांचे आदेश दिले. अटक होताच विधी साहाय्य समितीला कळवा, असंही सांगितलं. त्याच निकालात आणखी एक गोष्ट आहे. दोन परदेशी कैदी बायकांना एका वकिलाने फीच्या नावाखाली लुबाडलं, त्यांचे दागिने आणि चीजवस्तू दाबून ठेवल्या. म्हणजे सिनेमातला तो गुळगुळीत बोलणारा वकील पटकथेतून आकाशातून पडलेला नाही. १९८७ च्या विधी सेवा कायद्याने तर, तो १९९५ साली लागू झाल्यावर, कुठल्याही बाईला उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळण्याचा हक्क दिला. कोठडीतल्या माणसाला तो वेगळाही आहे. सारिकेला दोन्ही दारांनी तो मिळत होता. सिनेमात कुणी तिला ते सांगत नाही, आणि मला यात पटकथेची चूक दिसत नाही. आजही किती जणींना सांगतात?

शिक्षेनंतरच्या भागावर भरपूर लिहिलं गेलंय, ते पुन्हा उगाळत नाही. तुरुंगात तिला एक वजनदार कैदीण हाताशी धरते, ती पळते, दिल्ली गाठते, करणला त्याच्याच टोळीच्या माणसांशी भिडवते. एका अमेरिकी कादंबरीची सावली या भागावर आहे असं म्हणतात, आणि ती दिसतेही. पण बदललेली सारिका म्हणजे नवी बाई नाही, हे दिग्दर्शक विसरत नाही. पहिल्या भागात ती जितकी जपून होती तितकीच आताही जपून आहे. फक्त ते जपणं आता योजनेच्या कामी येतं. अभिनेत्रीने आवाज चढवायचं टाळलंय. याच निर्मात्याकडे तिने आधी केलेल्या भयपटांतल्या किंकाळ्या आठवल्या की हा संयम किती जाणूनबुजून आलाय ते कळतं.

एसीपी मालती वैद्य हे पात्र अजून उपेक्षित आहे. सारिकेला गजाआड धाडणाऱ्या तपासाची सूत्रं तिच्याकडे. ती दुष्ट नाही, आळशीही नाही. समोर शस्त्रं आहेत, गप्प बसलेली मुलगी आहे, तिने काढलेला निष्कर्ष चुकतो पण बिनबुडाचा नाही. त्या काळच्या हिंदी गुन्हेपटात महिला अधिकारी एक तर वर्दीतली देवी असायची नाही तर विनोदाचं निमित्त. इथे दोन मराठी आडनावांच्या बायका टेबलाच्या दोन बाजूंना बसतात आणि दोघींनाही खरं काय ते माहीत नसतं.

पुढच्या वीस वर्षांत दिग्दर्शकाने हेच मीठ पुन्हा पुन्हा वापरलं. २००७ च्या सिनेमात चोर नायक झाला. २०१५ मध्ये सूड घेणारा नवराच प्रेक्षकाच्या मनातून उतरत जातो आणि खुनी चढत जातो. २०१८ च्या आंधळ्या पियानोवादकाला तर तीन राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. कायदाही सरकलाय. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेत सौद्याचा अर्ज दोषारोप ठेवल्यापासून ३० दिवसांतच करावा लागतो, आणि पहिलाच गुन्हा असेल तर किमान शिक्षेच्या चौथ्या हिश्श्यावर भागू शकतं. कच्च्या कैद्यांची गर्दी हटवायला हे बरं, असं वकील मंडळी म्हणतात. ३० दिवसांत स्वतःचा वकील न मिळालेल्या बाईच्या बाजूने पाहिलं तर घाई वाढली आहे.

राहता राहिली शेवटची शरणागती. गुहेतून बाहेर पडल्यावर सारिका मालतीच्या स्वाधीन होते, आणि आमच्याकडच्या वकिलांना हे सगळ्यात अवास्तव वाटतं: पळालेली, खून केलेली बाई परत कशाला जाईल? पण आता तिच्यावरचे आरोप खरे आहेत, आणि ते ऐकणारी अधिकारी तिची आधीची केस जाणते. या वेळी कबूल करायला तिला कुणाच्या वकिलाची गरज नाही.