संवादातील परभाषिक वाक्यांची लेखनपद्धती

कथा-कादंबरीतील पात्र बोलता बोलता दुसऱ्या भाषेत शिरते, तेव्हा ते बोलणे छापील पानावर कोणत्या लिपीत, कोणत्या टायपात आणि कोणत्या चिन्हांत दाखवावे, यासंबंधीच्या रूढ संकेतांना ही संज्ञा लावता येईल. इंग्रजी पुस्तकांत असा मजकूर तिरप्या, म्हणजे इटॅलिक टायपात घालतात. हा टाइप 1501 च्या सुमारास व्हेनिसमध्ये आल्डस मानुटियसच्या छापखान्यात सबंध पुस्तके छापण्यासाठी वापरात आला. वेगळेपणा दाखवण्याचे काम त्याच्याकडे मागाहून आले. देवनागरीला असा सख्खा तिरपा टाइप परंपरेने नाही. संगणकावर मिळते ते बहुधा सरळ अक्षरच कलते केलेले असते, आणि बारीक छपाईत त्याच्या झुकलेल्या काना-वेलांट्या डोळ्याला खुपतात. म्हणून मराठीत दुहेरी अवतरणातील संवादात परका शब्द एकेरी अवतरणात घालण्यावर भागवले जाते.

भाषा शेजारची असली की प्रश्न अधिक नाजूक होतो. सांगली जिल्ह्याच्या जत तालुक्यात अनेक घरांतून कन्नड बोलली जाते. तिथली अज्जी नातवाला “ऊट आयता?” म्हणजे ‘जेवण झालं का?’ असे विचारते. हे वाक्य देवनागरीत कोणतीही खूण न करता लिहिले, तर मराठी वाचक ‘आयता’ या ओळखीच्या शब्दापाशीच अडखळतो. यावर कंसात अर्थ देणे हा सर्वांत वाईट उपाय, कारण त्यात लेखकच संवादात तोंड घालतो; तळटीप त्याहून बरी, पण तीही नजर पानाच्या तळाशी नेते. “आत्ताच भाकरी खाल्ली, अज्जी,” एवढ्या उत्तरात मात्र अर्थ आपोआप उलगडतो. निवेदक तो नातूच असेल, तर एकेरी अवतरणही नको. त्याच्या कानाला जे घरचे आहे, त्यावर परकेपणाची खूण केल्यास अज्जी स्वतःच्याच घरात पाहुणी ठरते.

‘अण्णा’, ‘अक्का’ हे कन्नडमधून आलेले शब्द मराठीत केव्हाच मुरले असल्याने त्यांना कोणतीही खूण लागत नाही. उच्चार दाखवण्याची अडचण मात्र उरते: कन्नडमध्ये ऱ्हस्व ए आणि ओ आहेत, पण त्यांची देवनागरी चिन्हे मराठी वाचकाच्या परिचयाची नसल्याने साधेच ए-ओ वापरावे लागतात. परिणामी घर या अर्थाचा ‘मने’ आणि मनाचे अनेकवचन ‘मने’ पानावर सारखेच दिसतात.