रेन-दिन

रेन-दिन : नाताळच्या दुसऱ्या दिवशी, 26 डिसेंबरला (संत स्टीफनचा सण), आयर्लंडमध्ये पाळली जाणारी लोकप्रथा. आयरिश नाव लॉ अन ड्रोलीन. रेन हा शेपटी ताठ उभारणारा, जेमतेम 10 ग्रॅम वजनाचा तपकिरी पक्षी. आवाज मात्र खणखणीत. पूर्वी गावातील मुले व तरुण झुडपे बडवून त्याला मारीत, होली (सदाहरित झाड) किंवा काटेरी गोर्स झुडपाच्या फांदीला रिबिनींसह बांधीत आणि पेंढ्याचे पोशाख व मुखवटे चढवून घरोघर फिरत. पक्ष्यांच्या राजाच्या अंत्यविधीसाठी म्हणून मागितलेले पैसे रात्रीच्या खाण्यापिण्यात व नाचगाण्यात खर्च होत.

उगमाविषयी एकमत नाही. गरुडाच्या पिसांत दडून रेनने उंच उडण्याची पैज व राजेपद जिंकले, ही कथा प्राचीन ग्रीक लेखक प्लूटार्कलाही माहीत होती. ती खास आयरिश मानता येत नाही. लपलेल्या स्टीफनचा ठावठिकाणा रेनच्या किलबिलाटाने फुटला, असेही सांगतात. रेन पक्ष्यांनी नगाऱ्यांवर चोची मारून झोपलेल्या प्रॉटेस्टंट सैनिकांना आयरिश कॅथलिकांच्या हल्ल्यापूर्वी सावध केले व म्हणून आयरिश लोक या पक्ष्यांना मारतात, ही हकीकत इंग्रज लेखक जॉन ऑब्रीने 1696 मध्ये छापली. हीच कथा व्हायकिंगांविषयीही सांगितली जाते. त्यामुळे ती प्रथेचे कारण नसून मागाहून जोडलेले स्पष्टीकरण असावे. मध्ययुगीन आयरिश हस्तलिखितांत रेनच्या ओरडण्यावरून शकुन पाहण्याची पद्धत आढळते. त्यावरून पक्ष्याचे महत्त्व कळते, शिकारीचे प्राचीनत्व ठरत नाही. पक्षिशास्त्रज्ञ ई. ए. आर्मस्ट्राँग यांनी मूळ कांस्ययुगातील महापाषाण-संस्कृतीपर्यंत (प्रचंड शिळांची स्मारके उभारणाऱ्या लोकांपर्यंत) नेले. या तर्काला थेट पुरावा नाही. आयर्लंड व ब्रिटन यांच्यामधील मॅन बेटावर नाताळच्या मध्यरात्रीच्या प्रार्थनेनंतर रेन मारून त्याला शोकगीतांसह पुरीत, असे जॉर्ज वॉल्ड्रनच्या 1731 मध्ये प्रसिद्ध झालेल्या वर्णनात आहे. वेल्स व दक्षिण फ्रान्समध्येही अशा प्रथा होत्या. हा विस्तार पाहता ड्रुइडांपेक्षा (प्राचीन केल्टिक पुरोहितांपेक्षा) पश्चिम युरोपातील मध्यहिवाळी सणांच्या संदर्भात तिचा विचार करणे अधिक सयुक्तिक वाटते.

कॉर्कच्या महापौरांनी 1845 मध्ये या शिकारीला मनाई केली. आता पक्षी मारत नाहीत, फांदीवर बनावट रेन असतो. या इवल्या जिवाची सुटका झाली हे फार चांगले झाले. केरी परगण्यातील डिंगल येथे प्रथा जोमात आहे. गोट स्ट्रीट, ग्रीन अँड गोल्ड आदी मंडळ्या ढोल व फाइफ (लहान आडवी बासरी) यांच्या तालावर निघतात. लाकडी सांगाड्यावर पांढरे कापड चढवलेली ‘पांढरी घोडी’ पुढे असते व जमलेली रक्कम धर्मादाय कामांना दिली जाते. आयर्लंडच्या उत्तरेकडील अल्स्टर प्रांताच्या बऱ्याच भागात मात्र प्रथा विरळ होती.